एक इंच देवाचा

मेट्रोच्या तपासणी यंत्रातून सगळ्यांच्या पिशव्या पुढं गेल्या. मेघाश्रीची मात्र आत गेली, थांबली, आणि पट्ट्यावरून परत मागं आली...

पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी पिशवी उचलली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली. "मॅडम, इदु येनु?" हे काय, असं त्यांनी कानडीत विचारलं.

"बॅग," मेघाश्री म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. "हँडबॅग आहे."

ती हँडबॅगच होती. फक्त तिचा आकार प्रेशर कुकरचा होता. राखाडी चकचकीत कापडाचं गोल भांडं, काळ्या रेक्झिनचा दांडा, आणि झाकणावर बटणाच्या जागी खरीखुरी शिट्टी! पडद्यावर ती शिट्टीच तेवढी काळीकुट्ट उमटली होती. मागं मार्केट स्टेशनची सकाळची रांग वाढत चालली होती. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी तिच्याकडं. आता मोठा साहेब येणार, पिशवी उसवणार, ऑफिसला उशीर होणार... मेघाश्रीला पुढचं सगळं दिसायला लागलं. तिला नेहमीच पुढचं सगळं वाईटच दिसायचं.

"शिट्टी आहे ती कुकरची," मागून कुणीतरी मराठीत म्हणालं. मग त्यानं बाईंना कानडीत समजावलं, की भात शिजतोय आत, तीन शिट्ट्या झाल्या की आम्हीच उतरवू.

बाईंना खुदकन हसू आलं. पिशवी सुटली.

मेघाश्रीनं वळून पाहिलं. उंच, शिडशिडीत तरुण. शर्टाची खांद्यावरची शिवण दोन बोटं खाली घसरलेली. शिंप्याच्या घरातली मुलगी, ती माणसाच्या चेहऱ्याआधी खांदा बघते. मग तिनं चेहरा बघितला — आणि खांदा विसरली.

"थँक्स हं, अण्णा."

"अण्णा?" त्यानं छातीवर हात ठेवला. "घरात एक बहीण आहे, तेवढी पुरे की. मी दयानंद. निपाणीचा."

"इथं सगळ्यांनाच अण्णा म्हणतात," ती गडबडून म्हणाली. "ऑटोवाल्याला, भाजीवाल्याला..."

"म्हणून तर म्हणतो. मला त्यांच्यात धरू नका."

गाडी आली. दोघंही यशवंतपूरलाच उतरले. ती एका कारखान्याच्या हिशेब विभागात होती, तो घाऊक बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या कचेरीत. राहायलाही तो चामराजपेटेतच होता, तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, मित्रांबरोबर खोली घेऊन. दुसऱ्या दिवशी तो स्टेशनच्या दाराशी उभा होता. तिसऱ्या दिवशीही.

"आज काय आणलंय?" गाडीत शिरताच तो विचारायचा, आणि मेघाश्री पाठीमागं लपवलेली पिशवी पुढं करायची. कधी फणसाचा गरा. कधी घडी घातलेला मसाला दोसा, आत बटाट्याच्या रंगाचं अस्तर. एकदा तर हिरवी-पिवळी ऑटो, तिचं छप्पर उघडलं की आत पैसे ठेवायची जागा.

"मीटरवर चालते का?"

"मीटरपेक्षा स्वल्प जास्ती लागेल," ती म्हणाली आणि स्वतःच्याच धिटाईनं लाल झाली.

असे दिवस चालले होते. आणि एका सकाळी त्यानं सहज विचारलं, "आमच्या शिवलीलाचा साखरपुडा ठरलाय. इथंच, जयनगरच्या हॉलमध्ये. तिला एक लांब घेराचा ड्रेस हवाय, दुकानात मनासारखा मिळेना. तुम्ही शिवाल?"

मेघाश्रीच्या जिभेवर 'नाही' होतं. अगदी टोकावर. पण तो तिच्याकडं असा बघत होता, जणू तिच्या हातून जगातलं काहीही शिवून होईल...

"सरी, बरं," ती म्हणाली. "शिवते."

आणि त्या दिवसापासून तिची झोप गेली.

कारण एक गोष्ट दयानंदला माहीत नव्हती. मेघाश्रीनं शिवलेला एकही कपडा आजवर कुणाच्या अंगाला बसला नव्हता. इंटरनेटवरून कागदी नमुने उतरवून घेऊन तिनं फ्रॉक शिवले, कुर्ते शिवले, आईला ब्लाउज शिवला. सगळे घट्ट. आई, हेमावती, हसून म्हणायची, "अगं, तुझे झंपर उशीला घालू या. उशी तक्रार करत नाही." पिशव्यांचं तसं नव्हतं. पिशवीला अंग नसतं, म्हणून ती कुणाला दाटत नाही. हे कोडं काही तिला सुटत नव्हतं, आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. शिंप्याची नात, आणि तिला कापता येत नाही?

तिचे अज्जा विठोजी चामराजपेटेतले नावाजलेले शिंपी होते. ती दुसरीत असताना ते गेले. वडिलांनी मशीन सोडून बटणं-लेसचं दुकान घातलं. अज्जांची म्हणून तिच्याकडं एकच वस्तू उरली. माप घ्यायची टेप. पिवळी पडलेली, सुरुवातीचे आकडे बोटांनी घासून पुसलेले, दोन्ही टोकांना पितळी पत्रे. अज्जा माप टाकताना दर वेळी पुटपुटायचे, "एक देवाचा." छोट्या मेघाश्रीला ते फार आवडायचं. आताही कापडावर खडू टेकवण्याआधी ती डोळे मिटायची, टेप कपाळाला लावायची आणि म्हणायची — "एक देवाचा."

निपाणीच्या शिंप्यानं घेतलेली शिवलीलाची मापं दयानंदनं फोनवर पाठवली. मेघाश्रीनं ती तीनदा वाचली. मोरपंखी रेशमी कापड पसरलं. कात्री हातात धरून ती इतका वेळ बसून राहिली, की आईनं आत डोकावून विचारलं, "कापड झोपलंय काय?"

रोज मेट्रोत तो विचारायचा, "कुठवर आलं?" आणि ती म्हणायची, "होतंय... होतंय." एव्हाना तिनं नव्या पिशव्या आणणंच सोडलं होतं. तोच जुना कुकर खांद्याला. त्याच्या ते लक्षात आलं होतं. एकदा शिट्टीला बोट लावून तो म्हणाला, "वाफ फार कोंडलीय आत. बरं नव्हे."

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो बहिणीला घेऊन मेघाश्रीच्या घरी आला. शिवलीला गोल चेहऱ्याची, बडबडी पोरगी. "अक्का, अण्णा दिवसभर तुमच्या पिशव्यांचेच फोटो दाखवतो बघा," असं म्हणत ती आतल्या खोलीत ड्रेस घालायला गेली. मेघाश्री तिच्या पाठीशी हुक लावायला उभी राहिली.

घेर सुरेख पडला होता. पण पाठीवरचे हुक... एकमेकांकडं नुसते बघत राहिले. मध्ये चार बोटांचं अंतर.

शिवलीलानं श्वास ओढून धरला. "आता ओढा अक्का."

ओढूनही काही होण्यासारखं नव्हतं.

अंगावर ओढणी गुंडाळून शिवलीला बाहेर आली. हेमावतीबाईंनी मुलीचा चेहरा पाहिला आणि कॉफी ठेवायला गेल्या. मेघाश्री दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण आज पहिल्यांदाच पुढचं काही दिसत नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"मला कपडे शिवता येत नाहीत," ती म्हणाली. "माझा एकही कपडा कुणाला बसलेला नाही. मी आधीच सांगायला हवं होतं."

दयानंदनं हळूच विचारलं, "मग हो का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं वाजलं. शिवलीलानं भावाकडं पाहिलं, मग मेघाश्रीकडं, आणि ओढणीचं टोक तोंडाशी नेऊन हसू दाबलं.

दयानंदचे कान लाल झाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो खुर्चीवरून उठला. "माप कुठं चुकतं ते बघू तरी. माझं घ्या. माझी छाती किती, ते मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगतो."

"एवढं काय पाठ?"

"बेळगावला सैन्यभरतीला गेलो होतो. फुगवून बत्तीस तरी हवी होती. भरली एकतीस. एका इंचासाठी घरी पाठवलं." तो हसला, पण पुरता नाही. "आई म्हणाली, दूध पी. शेजारी म्हणाले, दंडबैठका काढ. दर वाढदिवसाला मोजतो. इमानदार आहे, अजून एकतीसच."

मेघाश्रीनं टेप घेतली. त्याच्या पाठीमागून पुढं आणली. त्याच्या शर्टाला नव्या साबणाचा वास होता. तो वर आढ्याकडं बघत होता, आणि त्याची छाती दोन शिपायांना पुरेल इतकी धडधडत होती.

"फुगवा," ती कुजबुजली. आकड्यावर नजर नेली. "बत्तीस."

"पुन्हा बघा."

"बत्तीसच आहे."

"अक्का, ही टेप तेव्हा बेळगावात हवी होती!" शिवलीला ओरडली. "अण्णा आज फौजेत असता!"

सगळे हसले. मेघाश्रीला मात्र हसू आलं नाही. ती हातातल्या टेपकडं बघत राहिली. मग धावत जाऊन शाळेतली जुनी फूटपट्टी शोधून आणली आणि टेपशेजारी ठेवली. पितळी पत्रा शून्यावर. फूटपट्टी बाराला संपली. टेपवर तिथं आकडा होता — तेरा.

टेपचा पहिला इंचच नव्हता. या टेपनं तेरा म्हणून कापलं, की कापड बाराच इंच निघणार. कधीतरी झिजून तुटला असेल, आणि काटकसरी अज्जांनी पितळी पत्रा उरलेल्या टोकाला ठोकून बसवला असेल.

आणि मग तिला अज्जांचा हात आठवला. तोंडाचे शब्द नव्हे, हात. "एक देवाचा" म्हणत ते कपाळाला काही लावत नसत. खडू एक बोट पुढं सरकवत, आणि मगच रेघ ओढत. तुटलेला इंच ते दर मापात परत घालत होते. तिनं त्यांची प्रार्थना घेतली होती, आणि काम तेवढं सोडलं होतं.

"पुढचे दोन तुकडे, मागचे दोन," ती बोटांवर मोजत म्हणाली. "प्रत्येकात एकेक इंच कमी. म्हणून चार बोटं! म्हणजे... मला कापता येतं!"

"ते कळलं," शिवलीला म्हणाली. "पण उद्या मी काय घालू?"

मेघाश्रीनं खोलीभर नजर फिरवली. रेशमी कापडाचा तुकडाही उरला नव्हता. मग खुंटीवरच्या कुकराकडं तिचं लक्ष गेलं. पिशवीच्या आत, कुणाला न दिसणारं, आजीच्या चोळीच्या खणाचं अस्तर होतं. डाळिंबी, जरीच्या बुट्ट्यांचं. तिनं कात्री उचलली.

"ती नको!" दयानंद पुढं झाला. "ती पिशवी... तिच्यामुळं तर..."

"तिच्यामुळं काय?"

"काही नाही," तो म्हणाला. "धरू का मी? उसवताना?"

त्यानं कुकर धरला, तिनं टाके उसवले. खणाच्या दोन पट्ट्या निघाल्या, एकेक प्रत्येक काखेखाली. या वेळी तिनं टेप टेकवली, "एक देवाचा" म्हणाली, आणि खडू एक बोट पुढं सरकवला. संध्याकाळी दिवे लागायच्या आत हुक लागले. मोरपंखी रेशमाच्या बाजूंना डाळिंबी खण असा खुलला होता, की हेमावतीबाई म्हणाल्या, "आता कुणी म्हणेल, मुद्दाम केलंय."

जयनगरच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी तसंच झालं. नवऱ्याकडच्या बायका शिवलीलाच्या भोवती फिरून विचारत होत्या, हा खण लावायची कल्पना कुणाची? शिवलीला बोट दाखवत होती. मेघाश्री खांबाआड उभी होती. शिवण सुटेल का, पट्टी फाटेल का, या भीतीनं तिनं ताटाला हातसुद्धा लावला नव्हता. पण शिवण सुटली नाही.

सोमवारी दयानंद मेट्रोच्या दाराशी नव्हता. मंगळवारीही नाही. मेघाश्रीला पुन्हा सगळं वाईट दिसायला लागलं. काम झालं, माणूस गेला... तिच्या खांद्यावर अस्तर नसलेला कुकर लटकत होता, पोकळ.

मंगळवारी संध्याकाळी तो तिच्या घरी आला. हातात कागदी पुडकं. पाहुण्यांना निपाणीला पोचवायला गेलो होतो, म्हणाला. पुडक्यात खण होता, डाळिंबीच, जरीच्या बुट्ट्यांचा. "कुकरला अस्तर. आणि हे..." दुसऱ्या पुड्यातून शर्टाचं पांढरं कापड निघालं. "माझ्या शर्टाच्या शिवणी खांद्यावर राहत नाहीत. तुम्ही पहिल्या दिवशी पाहिलंत, मला दिसलं होतं."

"बसा. माप घेते. वडिलांनी दुकानातून नवी टेप आणलीय, आता चूक होणार नाही."

"नवी नको."

"का?"

तो जमिनीकडं बघत होता. हा इतका हजरजबाबी माणूस, आणि आज पुडक्याची सुतळी बोटाला गुंडाळत होता. "सगळ्यांच्या टेपवर मी एक इंच कमीच भरतो, मेघाश्री. तुमच्या टेपवर तेवढा... पास होतो." त्यानं मान वर केली. "तुमच्या घरी मला घेतील का, असं विचारायचं होतं."

आतून हेमावतीबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

मेघाश्रीनं अज्जांची टेप उचलली. त्याच्या पाठीवरून पुढं आणली. तो सवयीनं ताठ झाला, छाती फुगवून, डोळे मिटून, श्वास रोखून उभा राहिला.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"मग कमी भरेल की..."

"भरू दे. तो एक इंच माझ्याकडं आहे."