टीलक्रीकची घंटा

कझाया पर्व्हिस त्या दुपारी रॉकेल घ्यायला म्हणून दुकानात शिरली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानाचा मालक अल्फियस क्रँडल पिठाच्या पिंपावर चढून भाषण ठोकत होता. टीलक्रीकमधलं एकुलतं एक दुकान त्याचं, राज्याच्या विधानसभेतली जागा त्याची, आणि आता त्याला वरच्या सभागृहातली जागाही हवी होती. अशा माणसांचं पोट कधी भरत नाही.

"जानेवारीतल्या त्या वादळात छपरावरची घंटा रात्रभर कुणी वाजवली?" त्याने विचारलं. "मी! या दोन हातांनी!"

टाळ्या पडल्या. कझायाच्या अंगाची लाही लाही झाली.

नेब्रास्काच्या माळावर रीतच होती. हिमवादळ सुटलं की दुकानाची घंटा वाजवत ठेवायची. बाहेर अडकलेला शेवटचा माणूस त्या आवाजाच्या रोखाने घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही. त्या रात्री घंटा तासाभरातच गप्प झाली होती आणि कझायाचा नवरा टोबायस गावाच्या तोंडाशी गोठून मेला होता. जमीन दगडासारखी कडक, कबर खणता येईना, म्हणून बर्फ वितळेपर्यंत त्याची शवपेटी दुकानामागच्या कोठारात ठेवली होती. वर हा माणूस सांगत सुटला होता, की टोबायस पिऊन तर्र होता म्हणून वाट चुकला. टोबायसने जन्मात कधी दारूला हात लावला नव्हता!

"खोटारडा मेला!" कझाया ओरडली. "मी रात्रभर दारात उभी होते. घंटा तासाभरातच बंद पडली!"

"बाई, तुमचं दुःख कळतं मला," क्रँडल मधाळ आवाजात म्हणाला. "पण प्यालेल्याला घंटा ऐकू येत नाही, त्याला मी काय करणार?"

दोघंचौघं फिदीफिदी हसले.

"मग चल कोठारात. त्याच्या पेटीवर हात ठेव आणि हेच बोल."

हसू विरलं. मतं देणारे सगळे क्रँडलकडे बघत होते. "एवढंच ना?" म्हणत तो खाली उतरला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. बर्फ नुसता भुरभुरत होता. अंगण जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं, पलीकडे कोठार स्पष्ट दिसत होतं. कझाया त्याच्या मागे उंबऱ्यात पोचते न पोचते तोच वारा फिरला आणि समोरचं सगळं पांढरं झालं. कोठार दिसेना, क्रँडलही दिसेना.

"क्रँडल!" तिने हाक मारली. ओ आली नाही.

"घंटा! अरे, घंटा वाजवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

दोराशी क्रँडलचा कारकून ऑरिन उभा होता. तो दोराला हात लावेना. कझायाने त्याला बाजूला ढकललं. क्रँडलचा गळा दाबावा असं तिला वाटत होतं. पण तो तिच्या बोलण्यावरून बाहेर गेला होता. शिवाय तो मेला, तर टोबायसवरचा डाग कोण पुसणार? तिने सगळा राग दोरात घालून हिसका दिला. वर लाकडं करकरली. घंटेचा आवाज मात्र... आलाच नाही.

तिने पुन्हा ओढला. पुन्हा ओढला. एकजण शिडीवर चढला आणि पांढराफटक होऊन खाली आला.

"लोलक आपटतोय... मी डोळ्यांनी बघितलं... पण आवाज..."

ऑरिन दोरापासून मागे सरला. "त्या रात्री माडीवर राजधानीचे पाहुणे जेवत होते," तो पुटपुटला. "साहेब म्हणाले, कान किटले, बंद कर ती कटकट... मी दोर वर बांधून टाकला."

"हे मला त्याच्या तोंडून हवं होतं!" कझाया दात खाऊन म्हणाली आणि दोर ओढतच राहिली.

उजाडता वादळ शमलं. क्रँडल कोठाराच्या दाराशीच गोठून मेलेला सापडला, गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबलेले. ऑरिनने टोबायसच्या पेटीवर हात ठेवून सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. लोकांनी टोप्या काढल्या. एकालाही कझायाच्या नजरेला नजर देता येईना, आणि तिनेही कुणाला माफ केलं नाही.

क्रँडलला शेगडीपाशी आणून ठेवलं. कपड्यांवरचा बर्फ वितळला, अंग सैल पडलं, मान लुळी झाली. हात तेवढे कानांवरून निघेनात. लोहाराने अंगातला सगळा जोर लावून पाहिला. शेवटी सुताराला त्याची पेटीच रुंद करावी लागली.