शिसवी मूठ

गिऱ्हाईक आधी मूठ बघतं. प्लास्टिकची मूठ पोरंटोरं घेतात. पितळेची मिरवायला बरी, पण उन्हात चटका देते. शिंगाची देखणी, पण कोरड्या हवेत तडकते. पात्याकडं लक्ष नंतर जातं, आणि खरी किंमत तिथंच असते. स्टेनलेसचं पातं नुसतं चकाकतं, धार धरत नाही. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेलं पातं काळपट दिसतं, पुसलं नाही तर गंजतं, पण एकदा लावलेली धार सोडत नाही. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्यांत बदलून आलेले कारकून हटकून स्टेनलेस मागायचे. मी मनातल्या मनात हसून तेच बांधून द्यायचो.

गंजगोलाईतल्या माझ्या दुकानात घडीचे चाकू यायचे ते नांदेडहून. नरसिंग स्वतः बनवायचा आणि एसटीनं घेऊन यायचा. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. टँकर दिसला की बाया घागरी घेऊन धावत. नरसिंग बऱ्याच दिवसांनी आला, तो निम्मा झालेला. त्यानं पिशवी रिकामी केली आणि मालात एकच चाकू वेगळा निघाला. मूठ जुन्या शिसवी लाकडाची, वर्षानुवर्षं तेलाचे हात लागून काळीभोर झालेली. पातं कमानपाट्याचं. हातात घेतला तो खाली ठेववेना.

"लाकूड कुठलं रे हे?"

"घरातलंच हाय, अप्पा." तो रस्त्याकडं बघत होता. "हा लवकर विका."

असल्या मालाची घाई कशाला करायची? मी त्याला दुकानातली सगळ्यात चढी किंमत लावली. गिऱ्हाईक यायचं, चाकू उचलायचं आणि घासाघीस करायची विसरून उभं राहायचं. हात आपोआप हळूहळू झुलायला लागायचा. एक आडदांड अडत्या असाच झुलवत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाकू ठेवून तो निघून गेला. मी म्हटलं, ऊन बाधलं असेल.

माझी महानंदा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवायची आमच्याकडं रीत आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण बायकोपुढं काय चालतंय? "स्टील नको, खरं लोखंड पाहिजे," लक्ष्मीनं बजावलं. लेकीसाठी हात आखडता कशाला, म्हणून मी दुकानातला सर्वांत उत्तम चाकू घरी नेला.

बाळ सुकत चाललं. डॉक्टर म्हणाले, आईचं दूध कमी पडतंय. डिंकाचे लाडू झाले, खसखशीची खीर झाली. एका दुपारी लक्ष्मी माझ्याजवळ येऊन बसली. सांगू की नको, असं तिचं चाललं होतं.

"ती लेकराला उजवीकडंच पाजते. डावीकडचं आपोआप रिकामं होतंय. ओढल्यासारखं लागतंय म्हणते. चोळी मात्र कोरडी."

मी तिच्यावर खेकसलो. मग उठून दारातून आत बघितलं.

महानंदाला डोळा लागला होता. उजव्या कुशीत बाळ होतं. डावीकडं गोधडीला लहानसा खळगा पडला होता. तो हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली.

"नरसिंगची घरवाली हाय मी, पंचफुला. शिसवी मुठीचा चाकू इकला का, अप्पा?"

मी गल्ल्यावरून उठलो.

"आमच्या पाळण्याची दांडी हाय ती. पाच म्हैन्याचं होतं. खडी फोडून फोडून माझं दूध आटलं. लेकरू उपाशी गेलं, अप्पा. धन्यानं दांडीची मूठ केली. ती माझ्या हातातून सुटंना, म्हणून न सांगता इकायला आणली."

मी तिला घरी नेलं. लक्ष्मीनं सगळं सांगितलं. मला वाटलं, पंचफुला रडेल.

"पोटभर पितंय का?" तिनं एवढंच विचारलं.

लक्ष्मीनं पदर तोंडाला लावला.

महानंदानं उशाखालचा चाकू काढला, पण पुढं करेना. "राहू द्या ना," ती म्हणाली. "मी पाजते."

पंचफुलानं आमच्या बाळाच्या बरगड्यांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"न्हाई बाई. तुझं लेकरू वाळून राहिलंय."

तिनं चाकू घेतला, छातीशी धरला आणि वरून पदर घेतला.

मी तिला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभा राहिलो.

शेजारी गाठोडं घेतलेली एक म्हातारी होती. तिनं वाकून पदराचं टोक उचललं, आत बघितलं आणि हसली.

"किती म्हैन्याचं हाय गं?"

"पाच."

गाडी सुरू झाली. म्हातारी अजून पदराच्या आत बघत होती. तिचं हसू मावळलं.

"लई भुकेजलंय गं," ती म्हणाली. "पाज की त्याला."