अकरा कोरड्या पायऱ्या

"आत्या, आजोबांची वही खोटी की पूलकाका खोटे?"

चष्मिषने हे विचारलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. आत्याने ओठांवर बोट ठेवलं. हजेरी चालू असताना खोलीत कुणी बोलायचं नाही, हा नियम आजोबांपासूनचा.

रोज सहाला हजेरी. माडीवरच्या लहानशा खोलीत जुना बिनतारी संच तापला की गरम लाखेचा वास सुटे, आणि आत्या एकेका ठाण्याला हाक मारी. डोंगर, टेकडी, पूल, अशी सहा ठाणी. माणसं सगळी हौशी, कुणी शिंपी, कुणी पोस्टमन. आपल्याकडचा वारा, पाऊस, पाणी त्यांनी सांगायचं आणि आत्याने लिहून घ्यायचं. अंगात ताप असो की घरात पाहुणे, हा नेम तिने कधी मोडला नाही. कोरड्या दिवशीही ती लिही, 'आज काही नाही.' चष्मिषचा आतेभाऊ दांडगोबा एकदा म्हणाला होता की काही नाही हे लिहायला शाई कशाला घालवायची. आत्या शांतपणे म्हणाली, काही नाही हे रोज पाहिलं, तरच काही झालेलं कळतं.

दुसरा नियम त्याहून कडक होता. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं, अंदाज सांगायचा नाही.

त्या सुट्टीत आजोबांच्या जीर्ण वह्या नव्या वहीत उतरवून काढायचं काम चष्मिषकडे आलं होतं. तिथेच तिला ती ओळ सापडली होती. 'घाटाच्या अकरा पायऱ्या कोरड्या, म्हणजे पाणी तीन मीटर.' पायऱ्या वरून मोजायच्या, कारण खालच्या बुडतात, असंही आजोबांनी बाजूला लिहिलं होतं. आणि आज संचावर पूल ठाण्याचे पूलकाका ठणठणीत आवाजात म्हणाले होते, "पाणी दोन मीटर."

"पण पायऱ्या आज अकराच आहेत," हजेरी संपताच बटण म्हणाली. ती नऊ वर्षांची, घाटाशेजारच्या खालच्या आळीत राहणारी. रोज त्या पायऱ्यांवर लंगडी घालायची, त्यामुळे तिचा हिशेब पक्का होता. "काल बारा होत्या. मी कशाला खोटं सांगू?"

आत्याने संच बंद केला. वहीकडे पाहिलं, मग बटणकडे. आत्याचा पाय अधू होता, घाट उतरून तिला वर्षं झाली होती. "उद्या उजेडी जा," ती म्हणाली, "आणि बघून या. भांडून नका येऊ."

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. आधीच्या वादळात फोनच्या तारा तुटल्या होत्या त्या तशाच लोंबत होत्या. दांडगोबासकट तिघं घाटावर पोचली तेव्हा कोरड्या पायऱ्या उरल्या होत्या आठ. बटणने वळून घराकडे पाहिलं. तिच्या घराचा उंबरा सगळ्यात वरच्या पायरीपासून हातभरच उंच होता, आणि घरात दोन महिन्यांचा भाऊ पाळण्यात होता.

पुलाच्या खांबावरची मोजपट्टी नवीकोरी दिसत होती. पांढऱ्यावर तांबडे आकडे, अगदी लग्नपत्रिकेसारखे. पाणी दोनच्या वर सहा रेघांवर होतं. पूलकाकांनी मिशीवर हात फिरवला. "बघा. दोन पूर्णांक सहा. मी जे दिसतं तेच सांगतो हं."

"काका, हे रंगवलं कधी?" चष्मिषने विचारलं.

पंधरा दिवस झाले होते. तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून घाईने रंगारी बोलावला. तेव्हा नदीला पाणी होतं, पट्टीचा तळ बुडालेला. रंगारी बिचारा पाण्यात कशाला शिरतोय? कोरडं दिसलं तिथून त्याने शून्य घातलं आणि वर मोजत गेला. देखरेखीवरच्या साहेबांनी पुलावरूनच मान डोलावली होती.

"म्हणजे एक मीटर पाण्यातच राहिला," दांडगोबा म्हणाला.

पूलकाकांचा चेहरा उतरला. पंधरा दिवस त्यांनी इमानाने चुकीचं सांगितलं होतं. इशारा चार मीटरला द्यायचा, आणि नदी चारच्या उंबरठ्यावर आली होती.

तेवढ्यात ते देखरेखीवरचे साहेब जीपमधून उतरले. पोरांचं ऐकून ते हसले. पट्टी सरकारी आहे, पायऱ्या मोजून गावं उठवायची झाली तर रोजच उठवावी लागतील, असं त्यांचं म्हणणं. पोरांनी सुट्टीत विटीदांडू खेळावा, हा सल्लाही दिला.

दांडगोबाच्या कानाची पाळी लाल झाली, पण चष्मिषने त्याचा शर्ट मागून ओढला. तिने पिशवीतून आजोबांची दोरी काढली. दर मीटरला गाठ, मधे दोऱ्याच्या बारीक खुणा, टोकाला लोखंडी वजन. कठड्यापासून नदीचा तळ नऊ मीटर, हे आजोबांनी उन्हाळ्यात कोरड्या पात्रात मोजून लिहिलेलं.

"साहेब, आमचा हात हलतो," ती नम्रपणे म्हणाली. "तुम्हीच धरा ना. तुमचं मोजमाप म्हणजे पक्कं."

साहेबांना नाही म्हणता येईना. वजन खाली गेलं आणि पाण्याला टेकलं. साहेबांनी गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या. पाच मीटर आणि चार खुणा.

"नवातून गेले तर किती?" बटणने हळूच विचारलं.

साहेबांना घाम फुटला. पूलकाकांनी आपल्या ठाण्याचा संच त्यांच्यापुढे धरला. "ज्यानं पाहिलं त्यानं बोलायचं, साहेब. आमच्यात असंच असतं."

माडीवर आत्या ऐकत होती. एक अनोळखी, कापरा आवाज म्हणाला, "पूल ठाणं. पाणी तीन पूर्णांक सहा. मी स्वतः पाहिलं."

आत्याने लगेच डोंगराला हाक मारली. डोंगरावर सकाळपासून मुसळधार पाऊस होता, आणि तिकडचं पाणी इथे यायला तीन तास लागत. पुढचं सगळं शांतपणे झालं. टेकडीवरच्या शाळेची दारं उघडली. साहेबांच्या जीपने म्हाताऱ्यांच्या चार फेऱ्या केल्या. दांडगोबाने पाळणा डोक्यावर घेतला आणि बटण पुढे चालत ओरडत राहिली, "सरका, बाळ आलं."

दिवेलागणीला खालच्या आळीत कंबरभर पाणी होतं आणि माणूस एकही नव्हता.

त्या संध्याकाळी हजेरीला पंधरा मिनिटं उशीर झाला, तो एवढ्या वर्षांतला पहिलाच. पूलकाका माडीवर आले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "पोरांनो, माझी मान वाचवलीत." साहेबांनी विटीदांडूबद्दल माफी मागितली. आत्याने मात्र कौतुकाचा शब्द काढला नाही. तिने वही उघडली, सहा ठाण्यांखाली सातवी ओळ आखली आणि लिहिलं, 'पायरी.' मग बटणला जवळ ओढून संचासमोर बसवलं.

"पायरी, काय दिसलं?"

"सगळ्या बुडाल्या," बटण म्हणाली. "पण आम्ही सगळे इकडे आहोत."

आता चष्मिषचे केस पांढरे झालेत. संच छोटा झाला, त्याला तो लाखेचा वासही येत नाही. पण रोज सहाला ती सात ठाण्यांना हाक मारते. शेवटी पायरी. खालच्या आळीतलं कुणीतरी, कधी बटणची नातही, पायऱ्या मोजून उत्तर देतं.

बहुतेक दिवशी ते एवढंच असतं, "सगळ्या कोरड्या. आज काही नाही."

ते ती सुवाच्य अक्षरात लिहून ठेवते.