मंगळवारचं पाणी

त्यांची पहिली भेट झाली ती त्याने तिच्या टेबलावरचं पाणी पिऊन टाकलं म्हणून. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काचेचे सहा पेले रांगेत मांडलेले होते. प्रत्येकात धरणाचं पाणी, प्रत्येकात तुरटीचं माप वेगळं. कुठल्या पेल्यातला गाळ चांगला खाली बसतो ते बघायचं आणि त्याच मापाने सगळ्या केंद्राला तुरटी घालायची, हे केंद्राची केमिस्ट म्हणून तिचं रोज सकाळचं काम. ती जरा पाठ वळवते तोच उन्हातून आलेल्या एका उंच माणसाने त्यातला सगळ्यात नितळ पेला उचलून तोंडाला लावला.

"तुम्ही आजचा निकाल प्यायलात," ती म्हणाली.

त्याला ठसका लागला. रिकामा पेला जपून जागेवर ठेवत तो म्हणाला, "चव बरी आहे... हेच माप ठेवा."

त्याचं काम ऐकून ती आणखीच वैतागली. पाण्याच्या रसायनाचं संगणकावर मॉडेल करायला मुख्य कार्यालयाने त्याला धाडलं होतं. पीएच, गढूळपणा, तापमान आत भरायचं आणि तुरटी किती लागेल ते संगणकाने सांगायचं. पण मॉडेलला शिकवायला तिचेच आकडे लागत होते, म्हणून तो रोज सकाळी तिच्या टेबलाशी येऊन बसू लागला. तिने आकडे सांगायचे, त्याने भरायचे, आणि मध्येच उगाच विचारायचं की आज पाण्याचा मूड कसा आहे, आणि पाणी देणारीचा? केंद्रात सगळे त्याला गणिती म्हणत. तीही म्हणायची, फक्त जरा हळू. थोड्याच दिवसांत जिन्यावर त्याची पावलं वाजली की तिचा हात आपोआप केसांकडे जायला लागला.

आणि मग चष्मेवाली उगवली. मुख्य कार्यालयातली होती, मॉडेलमधला रसायनाचा भाग तिने लिहिलेला. दर मंगळवारी सकाळीच यायची आणि गणितीला फिल्टरच्या टाक्यांपाशी गाठून तासभर बोलत बसायची. प्रयोगशाळेच्या खिडकीतून सगळं दिसायचं, ऐकू मात्र काडीचं यायचं नाही. केमिस्टबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड. एकदा तर चष्मेवालीने त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. त्या दिवशी हिला जेवण गोड लागलं नाही.

घरी वहिनीने विचारलंच. "कोण गं ही चष्मेवाली? भाजीत मीठ कमी पडलं तरी तिचंच नाव." हिने 'ती कामाला चांगली आहे, एवढंच म्हणत होते' असं काहीतरी पुटपुटून ताट उचललं. वहिनी गालातल्या गालात हसत राहिली.

मोठ्या साहेबांना मॉडेल दाखवायच्या आदल्या दिवशी गणिती आला तो चेहरा पाडून. मॉडेल चुकत होतं. रोज नाही, पण चुकलं की दर वेळी तुरटी जास्तच सांगायचं.

"आणि चुकतं फक्त मंगळवारी," तो म्हणाला. "मंगळवारी पाण्याला काय होतं हो?"

तिची नजर टेबलावरच्या धरणाच्या पाण्याच्या बाटलीकडे गेली. पीएच बाटली भरल्याबरोबर मोजायचा असतो. बाटली उघडी राहिली तर पाण्यातला वायू उडून जातो आणि पीएच वर चढतो. मंगळवारी गणिती खाली टाक्यांपाशी असायचा, बाटली टेबलावर उघडी असायची, आणि ही खिडकीत. आकडे ती मागाहून पाठवायची. इतके दिवस कुणाला दिसू न दिलेला तिचा जळफळाट संगणकाने तुरटीत मोजून दाखवला होता.

रसायनाचा भाग चष्मेवालीचा, तेव्हा चूक तिचीच असणार, असं साहेबांना सांगावं लागेल, तो नाइलाजाने म्हणाला. तिला या कामातून काढतील बहुतेक.

आयतं ताट पुढ्यात आलं होतं. फक्त गप्प बसायचं. पण त्या बाईने गणित अगदी बरोबर मांडलं होतं, आणि उद्या या आकड्यांवर गावाला पाणी जाणार होतं.

"तिचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "मंगळवारी बाटली उघडी राहते... माझ्याकडून."

"मंगळवारीच कशी?"

"मी खिडकीत असते. तुम्ही दोघं खाली बोलत असता – मला बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. झालं समाधान?"

तो खुर्चीत बसला. हसू दाबायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

"बोलत नसतो, भांडत असतो," तो म्हणाला.

पीएच आपोआप मोजून थेट संगणकात पाठवणारा मीटर केव्हाच येऊन पडला होता. तो बसवला की तिच्या टेबलाशी जाऊन आकडे विचारायची गरजच संपणार होती. चष्मेवाली दर मंगळवारी त्यासाठीच मागे लागायची, आणि हा दर मंगळवारी नवी सबब सांगायचा. कधी वायर आखूड, कधी जागा ओली. म्हणून तर तिने त्याला धरून हलवलं होतं.

तिने टेबलावरच्या बाटलीला घट्ट बूच लावलं. मग म्हणाली, "बसवून टाका तो मीटर."

"आणि मी रोज सकाळी इथे कुठल्या निमित्ताने येऊ?"

"निमित्ताशिवाय ये."

मंगळवारचे आकडे काढून टाकल्यावर मॉडेल साहेबांपुढे शहाण्यासारखं वागलं. पुढच्या मंगळवारी चष्मेवाली मीटर बसवायला आली, तेव्हा केमिस्टबाई स्वतः खाली उतरल्या, वायर धरायला म्हणून, आणि उभ्या राहिल्या त्या बरोब्बर दोघांच्या मध्ये.