घोड्यांचा वास

कॅलिफोर्नियात, सांता क्लारातलं ते जुनं लाकडी घर आम्ही मार्चमध्ये भाड्याने घेतलं. मी आणि सिद्धेश, दोघंही घरूनच काम करायचो. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात वास यायला लागला. ओलं गवत, लीद आणि त्यावर ताजा चुना. रोज सकाळी दहाला यायचा, अर्ध्या तासात जायचा. प्लंबरने फरशीखाली टॉर्च मारून पाहिलं. काही सापडलं नाही.

शेजारच्या मिसेस मोरिता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. एकदा कुंपणापाशी मी त्यांना वासाबद्दल विचारलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"हे घर आमचं होतं," त्या म्हणाल्या. "बेचाळीस साली मी पाच वर्षांची होते. अमेरिकेची लढाई जपानशी, आणि आम्ही जपानी. खांबाखांबावर नोटिसा लावल्या, आठवड्याभरात घर सोडायला लावलं, उचलता येईल तेवढंच घेऊन. आधी रेसकोर्सच्या तबेल्यात ठेवलं, लिदीवरच चुना फासलेला. आजी तिथेच गेली. मग तीन वर्षं काटेरी तारांच्या छावणीत. परत आलो तर घरात दुसरेच लोक."

"पण तुमचा गुन्हा काय होता?"

"माझे वडील याच गावात जन्मले होते," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

सिद्धेशला मी हे सांगितलं नाही. त्याचं व्हिसा एक्स्टेन्शन चार महिने अडकलं होतं. आधीच त्याची झोप उडालेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बेडरूममध्ये बॅगा भरताना दिसला. दोन चादरी, दोन ताटल्या, दोन चमचे.

"हे काय चाललंय?"

"उचलता येईल तेवढंच न्यायचंय."

"कुणी सांगितलं?"

तो थोडा वेळ आठवत राहिला. "नोटीस लावलीये ना, खांबावर."

मी बाहेर जाऊन पाहिलं. खांबावर काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजले, तरी वास आला नाही. सिद्धेशची खुर्चीही रिकामी होती.

तो फुटपाथवर उभा होता, पायाशी दोन्ही बॅगा. रस्ता सुनसान. मिसेस मोरिता त्यांच्या खिडकीत होत्या. त्या सिद्धेशकडे बघत नव्हत्या. त्याच्या पुढे, पार कोपऱ्यापर्यंत, एकेक चेहरा बघावा तशी त्यांची नजर सरकत होती.

"सिद्धेश, आत ये."

त्याने वळून पाहिलं नाही. "नंबर जाईल," तो हळूच म्हणाला.

मग त्याने बॅगा उचलल्या, एक पाऊल पुढे टाकलं आणि त्या पुन्हा खाली ठेवल्या.