टेस्टिंगची टेप

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर माझा दम संपला. बाबांचा रीळवाला टेपरेकॉर्डर म्हणजे नुसतं धूड! तेवढ्यात वरून कुणीतरी उतरलं आणि न विचारताच त्याची एक कड धरली.

"कुठे न्यायचाय?"

"वरच्या दुरुस्तीवाल्याकडे. म्हातारा चिडका आहे म्हणे."

"चिडका आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हातारा अजून झालो नाही."

मी जीभ चावली.

त्यानंतर मशीन दोनदा घरी गेलं आणि दोनदा परत आलं. एकदा पट्टा बदलला, एकदा हेड साफ केलं. तो समजावायचा – टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग रेकॉर्ड करणाऱ्या, मग वाजवणाऱ्या. म्हणून बोललेलं लगेच ऐकून तपासता येतं. मी कळल्यासारखी मान डोलवायची. माझं लक्ष त्याच्या बोटांकडे, आणि त्याचं? देव जाणे! कधी चहा पुढे करताना गोड हसायचा, कधी तासभर ढुंकूनही बघायचा नाही. मला तो आवडत होता. त्याच्या मनाचा मात्र काही थांगपत्ता लागत नव्हता.

आणि आज मशीन तयार होतं. ते घरी नेलं की इथे यायला निमित्तच उरणार नव्हतं.

"शेवटची टेस्ट," त्याने हेडफोन माझ्या हातात दिले. डावा माइक स्वतःपुढे ठेवला, उजवा माझ्यापुढे. रिळं फिरू लागली. "आवाजाची पातळी दाखवणारा काटा लाल भागात गेला तर सांगा."

त्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज किंचित मागून डाव्या कानात यायचा. आधीच मी गोंधळलेली, त्यात हे!

"एक, दोन, तीन... आता तुम्ही."

"काय बोलू?"

"काहीही."

"उद्यापासून... मी येणार नाही." माझाच आवाज उजव्या कानात आला, तोही भलताच रडका.

त्याचे ओठ हलले. मग डाव्या कानात –

"येत जा ना. मला तुम्ही आवडता."

डावा काटा थेट लाल भागात!

"काटा..." मी कसंबसं म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. त्याने टेप मागे फिरवली, माइक काढले आणि पुन्हा रेकॉर्डचं बटण दाबलं. हेडफोनमध्ये सगळा शुकशुकाट.

"हे काय करताय?"

"पुसतोय. टेस्ट झाली की टेप कोरी करूनच द्यायची, आमची पद्धत आहे."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे ते... फक्त मशीनसाठी बोललात?"

"अहो, नाही!" तो कानापर्यंत लाल झाला. "हात सवयीने गेला. मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही. मी मनातलं बोललो आणि तुम्ही काट्याचं सांगितलंत!"

"तुम्हीच म्हणालात ना, लाल झाला तर सांगा!"

टेप बिचारी इमानेइतबारे पुसली जात होती. मी हेडफोन काढून ठेवले.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हणाले. "पार पहिल्या दिवसापासून."

तो हसला, मग पुन्हा गोंधळला. "मग... मशीन आज न्यायचं की ठेवायचं?"

"न्यायचं. पण तुम्ही उचलून घरी आणायचं, आणि बाबांना सांगायचं."

"काय? पट्ट्याचं?"

"नाही," मी डोळे पुसत म्हणाले, "आत्ता जे पुसलंत ते."