धोंडीरामचा बेलभंडार

दर सोमवारी सकाळी महादेवाच्या देवळातून बेलाच्या डहाळ्या आणायच्या आणि पितळी तबकात हळदीच्या भंडाऱ्याच्या कडेने पाने मांडायची, हे महारुद्रांचे नेमाचे काम होते. धारूरच्या बाजारपेठेत त्यांचे कापडाचे दुकान होते. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत टेलिफोनच्या तारेला जोडलेला एक संगणक होता. समोर बाकडे आणि संगणकाशेजारी ते तबक. साल २००३. सलग दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या आणि गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती.

पुण्याला नोकरीस असलेल्या त्यांच्या मुलाने, रवीने, इंटरनेटवर 'बालाघाटची चावडी' नावाचे पान उघडून दिले होते. ज्याला जे वाटेल ते त्याने तिथे मांडावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे. गावांत संगणक नव्हते. म्हणून महारुद्र रोजची मते छापून सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देत. ती पाने गावोगावच्या पारावर मोठ्याने वाचली जात आणि लोकांची मते चिठ्ठ्यांवरून परत येत. महारुद्र ती संगणकावर उतरवीत.

पण पहिले तीन महिने चिठ्ठ्या आल्याच नाहीत. तेव्हा महारुद्रांनी एक माणूस घडवला. धोंडीराम, राहणार युसूफ वडगाव, ऊसतोड कामगार. वाचणाऱ्याला खरा वाटावा म्हणून त्यांनी त्याची डाव्या हाताची दोन बोटे कोयत्याखाली घालवली. चारचौघांत जे कोणी बोलत नसे, ते धोंडीराम तोंडावर बोले. त्याला उत्तर देण्यासाठी लोक पेटून उठले. पाहता पाहता तीस गावांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. खोट्याने एवढे चांगले होत असेल तर त्याला खोटे का म्हणावे, असे महारुद्रांना वाटले. देवभीरू माणूस घसरतो तो असा, हातातली माळ न सोडता.

पुढे चावडीवर आयाबहिणींवरून शिव्या येऊ लागल्या. महारुद्रांनी नियम केला. मत देणाऱ्याने स्वतः दुकानात यावे, शपथेचा बेलभंडार उचलावा, आपले नाव सांगावे आणि हे मी त्या माणसाच्या तोंडावरही बोलेन असे म्हणावे. पहिल्या मताला एकदा उचलला की कायमचा झाला. ज्याने उचलला, त्याच्या शब्दाला महारुद्र हात लावणार नाहीत. महिन्याभरात शिव्या थांबल्या. महादेवासमोर खोटे बोलण्याची छाती या मुलखात अजून कोणाची नव्हती.

एका सोमवारी बाकड्यावर दहा-बारा जण बसले असता गहिनीनाथाने प्रश्न केला. वडगावच्या पारावर चावडीची पाने वाचणारा तो हाच.

"शेट, ह्यो धोंडीराम आमच्या गावचा म्हनवतो. आमी तर कदी पाह्यला न्हाई. त्यानं उचललाय का बेलभंडार? का त्यो तुमचा जावई हाय?"

लोक हसले. महारुद्रांच्या कानशिलांवर घाम आला. खरे सांगावे तर चावडी मोडणार, आणि आपली इज्जतही. त्यांनी तबकात हात घातला.

"धोंडीराम आहे," ते म्हणाले. "तो खरे बोलतो. त्याच्या वतीने मी उचलतो."

डहाळीचा काटा बोटात रुतला. रक्ताचा एक थेंब भंडाऱ्यात पडला आणि तेवढी हळद लाल झाली. लोक हसायचे थांबले.

त्या आठवड्यात धोंडीरामाने लिहिले की सरकारी टँकरचा ड्रायव्हर धुळाजी गावांचे पाणी वाटेतल्या वीटभट्ट्यांना विकतो. ही बाजारातली कुजबूज होती. महारुद्रांनी ती पारखली नव्हती. पण आता तिच्यामागे बेलभंडार होता.

तिसऱ्या दिवशी धुळाजी दुकानात आला. बाकड्यावर बसला नाही. टोपी हातात धरून उभा राहिला.

"शेट, कावून माज्यावर उठलाय त्यो मानूस? वडगावात घरोघर हिंडून आलो. धोंडीराम कुनालाच ठावं न्हाई."

"त्याच्यासाठी बेलभंडार उचलला गेला आहे."

"मंग माज्यासमोर उचला म्हनावं. मी पाया पडतो त्याच्या… लोक दगडं घेऊन रस्त्याला थांबायलेत, शेट. लेकरं लहान हायत."

'धोंडीराम नाही', एवढ्या एका वाक्याचे काम होते. महारुद्रांनी ते गिळले. "निरोप देतो," एवढेच ते म्हणाले.

आठव्या दिवशी भर दुपारी घाटाखालच्या एका वस्तीवर टँकर येऊन थांबला. बायका घागरी घेऊन धावल्या. केबिनमधून कोणी उतरले नाही, तेव्हा त्यांनीच नळी सोडली. पहिली घागर भरली आणि तिच्या तोंडाशी लाल फेस आला. दुसरी त्याहून लाल. तिसरीच्या वेळी नळीत काहीतरी अडकले. पुरुषांनी वरचे झाकण उघडले. आत, मांडीएवढ्या पाण्यात, धुळाजी होता. डोके दगडांनी ठेचलेले. डावा हात मनगटापासून तोडलेला. तोंडात चावडीचे छापील पान, दातांपलीकडे कोंबलेले. केबिन रिकामी होती, किल्ली जागेवर, इंजिन तापलेले. स्टिअरिंगच्या चाकावर हळद लागली होती.

पोलीस आले आणि गेले. कोणी काही पाहिले नव्हते.

महारुद्रांना दोन दिवस अन्न गेले नाही. पाणी पुढे आले की त्यांना फेस दिसे. तिसऱ्या पहाटे त्यांनी चावडीवरून धोंडीरामाचे नाव पुसले. धुळाजीच्या बायकोच्या, सुंदरबाईच्या दारात जाऊन चार माणसांदेखत खरे सांगायचे, असे त्यांनी ठरवले. पण आधी ज्याच्यासमोर शपथ घेतली, त्या गहिनीनाथाला सांगणे प्राप्त होते. पहिल्या गाडीने ते युसूफ वडगावला गेले.

गहिनीनाथ पडवीत कोयत्याला धार लावत होता. त्याने सगळे ऐकून घेतले. मग बाहेर डोकावून दार लोटले.

"ऊन लागलं का तुमाला, शेट? धोंडीराम न्हाई म्हंजे?"

"नाही. मीच लिहीत होतो. असा माणूस जन्माला आलेलाच नाही."

गहिनीनाथाने कोयता बाजूला ठेवला. मग आवाज अगदी खाली आणून बोलू लागला.

"घाटात आमी सतरा जण होतो. टँकर आडवला, दगडं उचलली… पन हात कुनाचाच चालंना. धुळाजी पाया पडत होता. लेकरांची नावं घेत होता. मंग आमच्यातून त्यो म्होरं आला. पैला घाव त्याचा. तीन बोटांत कोयता कसा धरतो, ते आमी ह्या डोळ्यांनी पाह्यलंय. त्याच्या मागून आमचे हात चालले."

"आणि टँकर… खाली कोणी नेला?"

"त्यानंच की. आमाला कुटं येतंय."

"तो राहतो कोठे?"

"हितंच, माज्या पडवीत. तुमी त्या दिशी बेलभंडार उचलला ना, त्याच राती दारात आला. म्हनला, शेटनं पाठवलंय." गहिनीनाथाने कोपऱ्यातल्या घोंगडीकडे बोट दाखवले. तिच्यावर माणूस उठून गेल्याची घडी अजून होती. वास येत होता, जळक्या उसाच्या पाचटाचा आणि ओल्या हळदीचा. "आज झुंजुरकाच धारूरला गेला. म्हनला, शेटनं माजं नाव पुसलं, आता मीच जातो मत द्यायला."

महारुद्र कसे परतले, ते त्यांनाच कळले नाही. गाडी धारूरला लागली तेव्हा ऊन डोक्यावर होते. एरवी या वेळी पेठ पेंगत असे. आज स्टँडवर परगावची माणसे उभी होती, तीसही गावांची. कोणी रामराम घातला नाही. ते चालू लागताच ती मागून चालू लागली.

दुकानाचे शटर अर्धे ओढलेले होते. ते वाकून आत शिरले आणि मागे शटर वीतभर फट राहील एवढे खाली ओढले. त्यांची पत्नी गंगासागर गल्ल्याजवळ उभी होती. तिच्या हातात भरलेला तांब्या तसाच होता.

"अहो, तुमी निघालात आन् एक माणूस आला," ती म्हणाली. "पाणी मागितलं, पन प्यायला न्हाई, नुस्तं बघत बसला. मंग तबकात हात घातला. 'उचलला' म्हनला… तेवढंच. कंडक्टर येऊन छापलेली पानं रोजच्यासारखी घेऊन गेला."

"कुठली पाने? मी आज छापलीच नाहीत."

तिने एक पान पुढे केले. पहाटे नाव पुसल्यावर लगेच वीज गेली ती अजून आलेली नव्हती, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. त्यावर काळ्या अक्षरांत एकच मत होते.

'धुळाजीचा जीव ज्याने घेतला तो आज दुपारच्या गाडीने धारूरला उतरेल. बेलभंडार उचलून सांगतो. धोंडीराम, युसूफ वडगाव.'

बाहेर पावले थांबली. शटरखालच्या फटीतून दिसत होते ते फक्त पाय. वहाणा, अनवाणी टाचा, धूळ, आणि टाचांशेजारी टेकलेली कोयत्यांची टोके. त्या पायांत काही सुंदरबाईच्या माहेरचे असतील, काही धुळाजीला मारणाऱ्यांचेही असतील.

महारुद्र शटरजवळ गेले. चारचौघांत प्रथमच त्यांनी ते वाक्य मोठ्याने उच्चारले. धोंडीराम नाही. तो मी घडवला. धुळाजी निर्दोष असेल-नसेल, मी पारखले नाही. दोष माझा आहे.

 बाहेरून एक आवाज आला, शांत, आदबीचा.

"शेट, उचलून सांगा."

नियम त्यांचाच होता. ते वळले आणि मागच्या खोलीत तबकापाशी गेले. आठवड्यात येणाऱ्या नव्या माणसांसाठी त्यांनी सोमवारी मोजून एकवीस पाने मांडली होती. आता उचलायला एकही नव्हते. भंडाऱ्यात फक्त एका हाताचा ठसा उमटला होता, डाव्या, खोल, तीन बोटांचा. मधली हळद लाल होती आणि अजून ओली.

बाहेर सगळे थांबलेलेच होते. हात कोणाचाच चालत नव्हता.

"अहो…" गंगासागर शटरखाली पाहत कुजबुजली. "ह्ये म्होरं कोन यायलंय?"

गर्दीतून दोन पाय पुढे आले. त्यांच्याखालची धूळ हलत नव्हती.